सोनामावशीच्या अंगणातल्या वाकळा

टर्र...

जुनं लुगडं हातानं फाडताना होतो तो आवाज. आधी कडेला दातानं चीर द्यायची, मग दोन्ही हातांनी ओढायचं. सोनामावशीच्या अंगणातून हा आवाज आला की गल्लीला कळायचं, आज वाकळ पडली, गोधडी शिवायला घेतली! त्याला आता किती वर्षं झाली ते मी मोजलेलं नाही. पण कुणी कापड फाडलं की माझी मान अजून त्या बाजूला वळते.

घरात चिंध्यांचं बोचकं असतं ना, तसंच किश्श्यांचं असतं. मुद्दाम कुणी साठवत नाही. कधी एक बाही, कधी एक काठ असं आत जात राहतं, आणि एक दिवस उचलायला जावं तर बोचकं उचलत नाही. माझं तसंच झालंय. म्हणून थोडं मोकळं करतो.

मी भानू शिंपी. लोहाऱ्याच्या बाजूला आमचं लहानसं गाव, तेव्हा राज्य निजामाचं. माझी शाळा तिसरीपर्यंत, पुढं मशीन. माझ्या ओसरीवर मशीन आणि समोर सोनामावशीचं अंगण, मध्ये फक्त एक लिंबाचं झाड. दुपारच्या भाकरी झाल्या की चार बायका तिथं जमायच्या. गावात कुणालाही वाकळ हवी असली की जुनी लुगडी, धोतरं आणून टाकायची, आणि या चौघींनी शिवायची. कपड्यातली उरलेली कातरण मी द्यायचो, म्हणून मीही त्यांच्यातलाच. पुरुषांत मी एकटा! कमी बोलतो म्हणून चालवून घेत असतील.

*

पहिली सोनामावशी. वयानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. दुसरी गंगव्वा. तिचं माहेर कानडी मुलखात, त्यामुळं टाके मोजायची ते कानडीत. तिसरी बानूबी, तांबोळ्याची. आणि चौथी द्रुपदा.

द्रुपदा माझ्याच वयाची, आमच्याच जातीची. लग्न झालं त्याच वर्षी नवरा गेला, तशी बापाकडं परत आली. चौघींत तिची सुई सगळ्यांत चांगली. उरलेला दोरा ती कधी टाकायची नाही, डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळून ठेवायची.

बाकीच्यांना मी मावशी, काकू, खाला असं काहीतरी म्हणायचो. द्रुपदाला काहीच म्हणत नसे. तीही मला काही म्हणत नसे. काम असलं की दोघंही नुसतं "हे घ्या" म्हणायचो.

एकदा नावावरून भांडण लागलं. गंगव्वा म्हणाली, "आमच्याकडं हिला कौदी म्हणत्यात." बानूबी म्हणाली, "हमारे में तो गुदडीच बोलते." सोनामावशी दोघींवर डोळे वटारून म्हणाली, "आन् ही वाकळ कुणाची गं मग?"

भांडण तासभर चाललं. शेवटी द्रुपदानं मान वर न करता सांगितलं, "ती पाटलाच्या म्हाताऱ्याची हाय. थंडीच्या आधी मागितलीय, आन् थंडी पडून आठ दिस झालं!"

*

प्रत्येकीचा टाका वेगळा. गंगव्वाचा लांब, बानूबीचा मुंगीएवढा. द्रुपदाच्या ओळी ज्वारीचे दाणे मांडावेत तशा. आणि ओळ संपताना ती एक टाका उलटा घ्यायची. "दोऱ्याला मागं बघू द्यावं जरा," म्हणायची. तसं दुसरं कुणी करत नव्हतं.

गंगव्वाची एक वाकळ भिंतीवर वाळत घातलेली चोरीला गेली. महिन्याभरानं आम्ही लोहाऱ्याच्या बाजारात गेलो, तर एक मिरच्यावाला तीच वाकळ अंथरून वर मिरच्या मांडून बसलेला! गंगव्वानं ओरडा केला. माणसं जमली. तो बेरकी म्हणाला, "माझ्या बायकूनं शिवलीय. पुरावा काय तुमचा?"

सोनामावशीनं पदराला टोचलेली सुई काढली. "आण तुझ्या बायकूला. हितं समद्यांसमोर एक ओळ घालू दे. टाक्याला टाका जुळला तर वाकळ तुझी, वर आमच्याकडून एक नवी!"

मिरच्यावाला मिरच्या आवरायला लागला. शेजारचा कांदेवाला पोट धरून हसायला लागला. "अवं मावशी, ह्याचं लगीनच कुठं झालंय!"

येताना सोनामावशी वाटभर सांगत होती, "माणूस लपंल, टाका लपत न्हाय." सगळ्या हसत होत्या. मीही हसलो.

*

लढाईच्या दिवसांत कापड कंट्रोलमध्ये गेलं. कार्डावर मिळेल तेवढंच. जुनं कापडसुद्धा लोक जपायला लागले. चिंधी म्हणून मिळेना! वाकळा थांबल्या, बायकांचे हात शिवशिवायला लागले.

सोनामावशीचे मालक शांत माणूस. एकदा विहिरीवर आंघोळीला उतरले. वर दगडावर ठेवलेलं धोतर गेलं! कुणी दिसेना. बिचारे पंचा नेसून, तोंड चुकवत मागच्या वाटेनं घरी आले. चार दिवस साऱ्या गावाला धोतर विचारत फिरले.

पाचव्या दिवशी अंगणातून जाताना वाकळीवर वाकले आणि बोट ठेवून म्हणाले, "हे माझं धोतर हाय!"

सोनामावशी टाका न चुकवता म्हणाली, "व्हतं."

*

पुढं ते वर्ष आलं, ज्या वर्षी घरात तिरंगा सापडला तर माणूस आत जायचा. गंगव्वाचा दीर भर दुपारी पळत आला, काखेत झेंडा. मागं तलाशीला जमादार निघालाय म्हणाला. अंगणात अर्धी वाकळ पसरलेली. सोनामावशीनं वरचा थर उचलला, झेंडा आत सारखा केला आणि थर परत टाकला. "घाला गं टाके!" चौघींनी चार कडा धरल्या.

जमादार आला. सगळं घर उलथंपालथं केलं. घाम आला, तसा येऊन नेमका वाकळीवरच टेकला! हातानं दाबून बघत म्हणाला, "वा अम्मा, क्या नरम है!"

"बसा की सायब, च्या घ्या," सोनामावशी म्हणाली.

त्यानं चहा घेतला. द्रुपदा समोरच्या कडेला शिवत होती. मी मशीनवरून तिचा हात बघत होतो. तो थांबला नाही, पण तेवढी एक ओळ वाकडी गेली. तिच्या हातची वाकडी ओळ मी तेवढीच पाहिली.

निजामाचं राज्य गेल्यावर गंगव्वाचा दीर झेंडा मागायला आला. सोनामावशीनं साफ सांगितलं, "उसवायची न्हाय! उसवलं तरी भोकं ऱ्हात्यात. तुला दुसरा झेंडा मिळंल."

चावडीवर लोहाऱ्याहून आणलेला नवा झेंडा चढला. गाव टाळ्या वाजवत होतं. आमचा झेंडा गंगव्वाच्या म्हाताऱ्या सासऱ्याच्या अंगावर होता. त्याला ताप भरलेला. तो पुन्हा पुन्हा म्हणायचा, "ह्या वाकळीत लई ऊब हाय गं, काय घातलंय हिच्यात?"

*

एक गोष्ट सांगायची राहिली. नव्या नवरीची वाकळ किंवा बाळाचं दुपटं असलं की द्रुपदा अंगणातून उठायची. नवरा गेलेल्या बाईचा टाका त्यात चालत नसे. कुणी तिला ऊठ म्हणायचं नाही. तीच उठायची, आणि लिंबाच्या अलीकडं, माझ्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसायची. मी कातरणातले रंग वेगळे करायला द्यायचो. ती रंग वेगळे करायची आणि समोर बघत राहायची. कुणाचा टाका वाकडा जातोय ते तिला एवढ्या लांबून दिसायचं. बोटं तिकडं जायची, आणि मग परत कातरणात यायची.

बानूबीच्या लेकीला पहिलं बाळ होणार होतं. बानूबीनं दुपट्याचं कापड आणलं, अंगण ओलांडलं आणि सरळ पायरीवर द्रुपदाच्या मांडीत ठेवलं.

"तू सी. हमारे में ऐसा कुछ नहीं रहता."

द्रुपदानं माझ्याकडं बघितलं. मी मशीनकडं बघितलं. तीन दिवस ती त्या दुपट्यावर होती. जेवायला घरी गेली नाही.

बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा बानूबी त्याला त्याच दुपट्यात घेऊन आली आणि सोनामावशीच्या मांडीवर आदळलं. "देखो, कित्ता मोटा हुआ!"

 सोनामावशी बाळाचे पायच बघत बसली. नंतर म्हणाली, "बानू, ह्याला काय दगडं चारतीस का गं?"

पोलीस ॲक्शननंतर बानूबीच्या घरच्यांनी गाव सोडायचं ठरवलं. गाडी माझ्या ओसरीसमोरून गेली. तिनं आत डोकावून बघितलं असेल. मी खाली मान घालून मशीन चालवत होतो. सुईत दोरा नव्हता, हे मला गाडी वळणावर गेल्यावर कळलं.

अंगणात वाकळ पडली की बानूबीची कड त्या तिघी बरेच दिवस मोकळी ठेवायच्या.

*

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. पोरगी भूमकडची, आईनं बघितलेली. आमच्यात पाट लावायची, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न करायची, रीत होती, दुसरेपणाच्या बायका संसार करत होत्या. मी आईला एका शब्दानं काही म्हणालो असतो तर... पण मी म्हणालो नाही.

माझ्या लग्नाची वाकळ सोनामावशीच्या अंगणात पडली. आईची दोन लुगडी, बापाचा फेटा. द्रुपदा उठून पायरीवर येऊन बसली. आठ दिवस ती आपली लाल वेगळं, हिरवं वेगळं करत होती.

वाकळ झाली आणि कडेला पट्टी मारायला माझ्या मशीनवर आली. त्या दुपारी अंगणात कुणी नव्हतं. द्रुपदा पायरीवरून म्हणाली, "एक वळ घालू का?"

एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलेलं तेवढंच.

मी म्हणालो, "घाला. कुणाला कळणार न्हाय."

तिनं कडेजवळ एक ओळ घातली. लांबीला हातभर. मी दाराकडं बघत उभा होतो. तिनं दात लावून दोरा तोडला, वाकळीची घडी केली आणि घरी गेली. जाताना तिचा चेहरा कसा होता ते मी बघितलं, पण सांगता येत नाही.

हळदीच्या दिवशी नवी वाकळ ओसरीवर अंथरून सगळ्यांना दाखवायची आमची पद्धत. ओसरी बायकांनी भरलेली. मला पाटावर बसवलेलं, तोंडाला, हातांना हळद. द्रुपदा चौकटीबाहेर उभी होती. तिथवर यायला कुणी अडवत नसे.

आई वाकळीवरून हात फिरवत होती. कडेला तिचा हात थांबला. तिनं त्या ओळीवरून बोट पुढं नेलं, शेवटाला नेलं, आणि उलट्या टाक्यावर टेकलं.

"ही वळ कुणाची?"

 गंगव्वा खाली बघायला लागली. तो टाका कुणाचा, हे साऱ्या गल्लीत कुणाला विचारायची गरज नव्हती. सोनामावशीनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे म्हणत होते, भान्या, बोल. तुझं लगीन हाय, तुझी वाकळ हाय. तू बोललास तर मी सांभाळते पुढचं.

"भानू, ही तुझ्याच मशीनवर होती," आई म्हणाली. "कुणी घातली?"

मी म्हणालो, "मला काय म्हाईत."

आईनं माझी कात्री आणून माझ्या हळदीच्या हातात दिली. "शिंपी तू हायस. तूच उसव."

मी उसवलं. एक टाका कापायचा, नखानं उचलायचा, पुढचा कापायचा. तट्... तट्...  शेवटचा उलटा टाका सुटता सुटेना. त्याला वेळ लागला. वाकळीवर कडेनं भोकांची ओळ राहिली आणि माझ्या हातात दोऱ्याचे पिवळे झालेले तुकडे.

मी मान वर केली, तर द्रुपदा चौकटीच्या आत आलेली. माझ्यासमोर तिनं हात पुढं केला. मी ते तुकडे तिच्या हातावर ठेवले. तिनं एकेक तुकडा सरळ केला, डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळला, आणि निघून गेली.