आत्यांचा सडा आणि गाडीचा लाल दिवा

घरात गाडी एकच असावी आणि ती आजारी असावी, म्हणजे किस्से शोधायला जावं लागत नाही. ते लोणच्यासारखे मुरत बसतात, कोणी बरणी उघडली की सगळे बाहेर. आमच्या गाडीचा आजार म्हणजे लाल दिवा. इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, कमी झालं की लागतो. स्टीअरिंगसमोर पातेल्यात पळी बुडवल्यासारखं चित्र येतं. गाडी जुनी, पण तिच्यातूनच मी सिडकोतून सातपूरच्या कारखान्यांत जेवणाचे डबे पोचवते. गाडी बंद म्हणजे माझं काम बंद.

* * *

पहिला इलाज आमच्या ह्यांनी केला. एक दिवस बघते तर दिवाच नाही. मी खूश. पुढे सिग्नलला थांबले तेव्हा नीट बघितलं, तर दिव्यावर माझी टिकली चिकटवलेली. मरून रंगाची, मोठी.

घरी येऊन विचारलं, "हे काय?"

"दिवा बघून तू घाबरतेस, म्हणून."

"दिव्याला नाही घाबरत मी. तुमच्या डोक्याला घाबरते."

* * *

आमचे गॅरेजवाले रफिकभाई. त्यांनी आधी टाकीचं झाकण बदललं, मग सेन्सर बदलला. प्रत्येक वेळी कूलंट भरून गाडी घरी आणायची, दोन-चार दिवस बरे जायचे, की पळी पुन्हा पातेल्यात. त्यांनी एकदा अख्खी दुपार गाडी चालू ठेवून खाली वाकून बघितलं. एक थेंब नाही.

"ताई, माझ्याकडे गुणी पोरीसारखी बसते. तुमच्या दारात गेली की रडते. हिला सासर-माहेर कळतं."

मी म्हटलं, "मग माहेरचे लाड पुरे. सासरी काय होतंय ते शोधा."

* * *

तेवढ्यात ह्यांनी घरात जाहीर केलं. "लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी रविवारी गाडी बघायला येतायत. आहे तशी नेतो म्हणाले."

"आणि माझे डबे?"

"बस कर आता. वय झालं."

"गाडीचं का माझं?"

हे टॉवेल घेऊन अंघोळीला गेले. अंघोळ सकाळीच झालेली होती.

* * *

मी तशीच रफिकभाईंकडे गेले. रविवारच्या आत काहीही करा म्हटलं. त्यांनी विचारलं, "रात्री जिथं उभी असते, तिथं सकाळी डाग दिसतो का?"

"नाही. कसा दिसेल? आत्या तर पहाटेच..." आणि मी तिथंच थांबले.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. पहाटे उठून अंगणात सडा टाकतात. साधासुधा नाही. गाडीच्या पोटाखालीसुद्धा बादली मारतात.

रफिकभाई कपाळाला हात लावून हसले. "पुरावा रोज धुतला जातोय की."

घरी येऊन आत्यांना म्हटलं, "उद्या सडा नको."

"मी जिती असताना दार कोरडं?"

"नाहीतर गाडी जाईल, आत्या."

त्यांनी बादली पालथी घातली. चहालाही हात लावला नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी फरशीवर मला काही दिसलं नाही. काळी फरशी, त्यात धूळ. दिसल्या त्या फक्त शेजारच्या शालूकाकू. दारात सडा नाही, रांगोळी नाही, म्हणजे सुतकच. पदर सावरत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "कोण गेलं?"

आत्या म्हणाल्या, "अजून नाय गेलं. रविवारी जाणार हाय. गाडी."

पण सुतकाची शंका आत्यांना फार लागली. संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर रांगोळीचा डबा घेऊन बसल्या. "सडा नको ना? रांगोळी तर घालीन." आणि रागारागात पार गाडीच्या तोंडाखालपर्यंत हात घालून पांढरीशुभ्र कमळं काढली.

* * *

पहाटे हाका ऐकून उठले. "सूनबाई, माझ्या कमळात गुलाबी रंग कोणी भरला?"

मी बोट लावलं. चिकट. आमच्या गाडीतलं कूलंट गुलाबीच आहे.

रफिकभाईंना फोन लावला. "चालू करू नका. थंडच राहू द्या, मी येतो." आले, बॅटरीचा उजेड पाडून कमळाच्या बरोबर वर बघितलं. पाइपाची क्लिप ढिली. पहाटेच्या गारठ्यात पाइप आकसतो, थेंब सुटतो. गाडी तापली की पाइप फुगून घट्ट बसतो. गॅरेजात गाडी तापलेलीच पोचायची, मग रडेल कशाला? त्यांनी पाइप आणि क्लिप नवीन टाकली.

रविवारपर्यंत दिवा लागला नाही.

* * *

रविवारी व्यापारी आले. मोठी कोरी गाडी घेऊन, आणि ती लावली नेमकी आत्यांच्या रांगोळीवर. आत्या ओट्यावर जाऊन बसल्या. मी पाहुण्यांना शेजारी बसवलं, ह्यांना मागे. ओझरपर्यंत नेऊन परत आणलं. पळी नाही, पातेलं नाही.

"गाडी लय भारी," पाहुणे उतरता उतरता म्हणाले. "घेतली."

"विकायची नाही," मी म्हटलं.

पाहुण्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "माझ्याकडे काय बघताय? चालवते कोण?"

पाहुणे तोंड पाडून आपल्या गाडीत बसले आणि गाडी मागे घेऊ लागले. आत्या ओट्यावरून उतरल्या, मोडलेल्या रांगोळीवर वाकल्या.

"पाव्हणं, थांबा. हा हिरवा ठिपका तुमचा. आमचा गुलाबी हुता."

पाहुणे खाली उतरले, बघतच राहिले. "आजी, चार ठिकाणी दाखवली. दिवा लागतोच, पण गळती काही सापडत नाही. तुमच्या गाडीचं कोणी शोधलं?"

आत्यांनी रांगोळीचा डबा उचलून काखेत धरला.

"गाडी ठिवून जा. सकाळी रांगोळी बघून सांगते."