सदतिसावं ताट

मालतीबाईंच्या खानावळीत छत्तीस ताटं होती. सदतिसावं नव्हतं.

गुजरातेत डिंडोलीला असलेल्या दोन खोल्यांपैकी मागच्या खोलीत रांधणं चाले आणि पुढच्या खोलीत माणसं जेवत. जेवणारे सगळे कापडाच्या लूमवर काम करणारे, धुळे-जळगावकडचे, बायका-पोरं गावी ठेवून आलेले. दिवसपाळीवाल्यांचे डबे अकराला रिक्षातून जात. रात्रपाळीवाले झोप काढून साडेबाराला जेवायला येत. संध्याकाळी पुन्हा तेच, उलट्या क्रमाने. बावीस वर्षं हे असं चाललं होतं आणि या बावीस वर्षांत मालतीबाईंना ताटावर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. विचारलं तर त्या म्हणत, "मी कुठे जेवते? माझं तर वासानेच पोट भरतं."

वासाने भरलेल्या त्या पोटाचं वजन गेल्या पौषात एक्याण्णव किलो भरलं.

वजन करायची वेळ आली ती हर्नियामुळे. बेंबीच्या वर लिंबाएवढा फुगा आला होता. वरणाचं मोठं पातेलं उचललं की तो बाहेर येई, पाठीवर आडवं झालं की आत जाई. एकदा तो तासभर आत गेलाच नाही, तेव्हा त्यांचे यजमान सुकलाल घाबरले आणि त्यांना पर्वत पाटियाकडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात घेऊन गेले. सर्जन सरळ बोलले. ऑपरेशन करावंच लागेल, पण आत्ता नाही. साखर इतकी की जखम भरणार नाही, आणि पोटावर एवढी चरबी की टाके धरणार नाहीत. वजन पंच्याऐंशीच्या आत आणा, तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनवावरून आठच्या आत आणा, मग तारीख देतो. तोवर काही जड उचलायचं नाही. फुगा आत जाईनासा झाला, दुखायला लागलं, तर मात्र तसंच निघून यायचं.

जड उचलायचं नाही म्हणजे खानावळ कशी चालणार? सुकलाल पातेली उचलू लागले, पण त्यांची कंबर लूमपुढे तीस वर्षं वाकून आधीच गेलेली होती. फार दिवस हे चालणार नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

सर्जनांनी त्यांना आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. जिन्याखालच्या छोट्या खोलीत निशा बसायची. वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस. टेबलावर रबराची इडली, रबराची पोळी, रबराचं केळं. तिने आधी गुजरातीत विचारलं, मग मालतीबाईंचा हेल ऐकून मराठीत आली. तिचे वडील रेल्वेत होते, ती इथल्याच भेस्तानला वाढलेली, पण घरी मराठीच.

"रोज काय काय खाता, मावशी?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे जेवतच नाही, ताई. वेळच कुठे असतो! तुम्ही आपला तो तक्ता द्या. शेजारणीला दिला होता कुणीतरी. ओट खायचे, पपई खायची."

"तुम्ही जेवतच नाही, मग तक्त्यात लिहू काय?" निशा म्हणाली. तिने कपाटातून झाकणाचा एक मोठा स्टीलचा डबा काढला आणि एक रिकामी बाटली. "एक दिवस फक्त एवढंच करा. दिवसभर जे तोंडात टाकाल, तेवढंच या डब्यात टाकायचं. एक घास तोंडात, एक घास डब्यात. चहा प्यायलात की तेवढाच चहा बाटलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन या."

मालतीबाईंना हा पोरखेळ वाटला, पण त्यांनी तो इमानाने केला. दोन दिवसांनी त्या डबा घेऊन आल्या. निशाने झाकण काढलं. डबा घासून लख्ख पुसलेला होता. आत काहीच नव्हतं.

"मावशी, डबा रिकामा?"

"भरला होता की," मालतीबाई म्हणाल्या. "पार झाकण लागेना एवढा भरला होता."

"मग?"

मालतीबाईंनी पदर सारखा केला. "एवढं चांगलं अन्न फेकून द्यायचं? पाप नाही का लागणार? खाऊन टाकलं."

निशा आधी हसलीच. हसता हसता तिला ठसका लागला, तेव्हा मालतीबाईच उठल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. पाणी पिऊन झाल्यावर निशाने विचारलं, "आणि खाताना भूक होती?"

"भूक कसली? पोट तुडुंब होतं."

दुसऱ्या खेपेला डब्याची राखण सुकलालांकडे सोपवली. त्यांनी ती लूमच्या मालकाचा माल राखावा तशी केली. संध्याकाळी झाकणावर सुतळी बांधली, गाठीवर गाठ मारली आणि डबा फ्रीजमध्ये ठेवला. मालतीबाई कुरकुरल्या, "मी काय चोर आहे?" सुकलाल म्हणाले, "तू नही, तुना हात."

तिसऱ्या दिवशी निशाने तो डबा टेबलावर उघडला. आमटीची चव बघताना प्यायलेले डावभर घोट, पाच भाज्यांचे पाच घास. शेंगदाणे भाजताना टाकलेली मूठ आणि शेव आली तेव्हा टाकलेला बकाणा. मोडलेल्या भाकऱ्या होत्या, कारण मोडकी भाकरी गिऱ्हाइकाला वाढायची नाही. पातेल्याच्या बुडाला लागलेली भाजी पुसून घेतलेले तुकडे होते, परत आलेल्या डब्यांतला भात होता. बाटलीत पाऊण लिटर चहा, दुधाचा, गोड.

निशाने कँटीनमधून ताटं मागवली आणि सगळं नीट वाढलं. भाकरी एका बाजूला, भाजी वाटीत, भात मध्ये. एक ताट भरलं. दुसरं भरलं. तिसरं पुरं भरून वर एक भाकरी उरली.

मालतीबाई त्या तीन ताटांकडे बघत राहिल्या. जेवणारे तीन गडी समोर बसवले असते, तर तिघंही ढेकर देऊन उठले असते. मग त्यांनी विचारलं, "एवढं खाते मी? मग मला कधी जेवल्यासारखं का वाटत नाही?"

"कारण तुम्ही खरंच जेवत नाही, मावशी," निशा म्हणाली. "मला एवढंच हवंय, की तुम्ही दिवसातून दोनदा बसून एक ताट जेवावं. एकच, पण बसून."

मालतीबाईंच्या कानावर हे पडलं असेल, पण मनात गेलं नाही. मनात ती तीन ताटं बसली होती. बसमधून घरी येताना त्यांना वाटत राहिलं, की शेजारी बसलेल्या बाईलाही ती दिसत असणार.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. शेंगदाण्याला हात नाही, शेवेला नाही, आमटीची चवसुद्धा नाही. मीठ अंदाजाने. साडेबाराच्या पंगतीत हेमराजने पहिला घास घेतला आणि थांबला. हेमराज पारोळ्याकडचा, चाळिशीचा, खानावळीचं पहिल्यापासूनचं गिऱ्हाईक, तोंडाने तिखट. तो म्हणाला, "मावशी, आज वांग्यांची मिठाशी भांडणं झाली का?" तिसऱ्या दिवशी आमटी खारट झाली, तेव्हा म्हणाला, "झाली वाटतं दिलजमाई." सगळे हसले. मालतीबाई हसल्या नाहीत. चौथ्या दिवशी दोघं जण न सांगताच दुसऱ्या खानावळीत गेले.

पाचव्या दिवशी त्या भाकरी थापत होत्या. सकाळची साखरेची गोळी घेतली होती, पोटात दोन घोट चहापलीकडे काही नव्हतं. आधी हात थरथरले, मग अंगाला दरदरून घाम सुटला, मग तवा लांब लांब जाऊ लागला. त्यांनी ओट्याची कड धरली आणि खाली बसल्या. सुकलाल धावत आले.

"तुले काय व्हई राहिनं?" म्हणत त्यांनी मुठीने साखर काढली आणि पाण्यात विरघळवून वाटी तोंडाला लावली. घाईत अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. थोड्या वेळाने मालतीबाईंना तवा जागच्या जागी दिसू लागला. वरची भाकरी जळून कोळसा झाली होती.

त्याच दुपारी सुकलाल त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली आणि रिकाम्या पोटी ती घ्यायची नाही म्हणून बजावलं. मग दोघं जिन्याखालच्या खोलीत आले. निशाने सगळं ऐकून घेतलं. रागावली, पण हळू आवाजात.

"मी बंद करा म्हटलं होतं का?"

"नाही."

"काय म्हटलं होतं?"

"बसा म्हटलं होतं." मग मालतीबाईंचा बांध फुटला. "पण बसू कधी, पोरी? तूच सांग. माणसं जेवत असतात तेव्हा मी वाढू की जेवू? ती उठली की भांडी. भांडी झाली की संध्याकाळची कणीक."

निशाने कागद घेतला आणि त्यांच्याकडून सकाळपासूनचं काम घड्याळाप्रमाणे वदवून घेतलं. अकराला डबे जातात. साडेबाराला पंगत. मध्ये?

"मध्ये पातेली पुसून घेते."

"भाकरीने."

"भाकरीने," मालतीबाई खाली बघत म्हणाल्या.

"मग साडेअकराला जेवायचं. संध्याकाळी सहाला. माणसं यायच्या आधी."

"आधी?" मालतीबाईंचा आवाज चढला. "दाराशी माणसं यायची आणि मी आधीच गिळून बसायचं? आमच्याकडे आधी देव, मग पाहुणा, मग घरातली माणसं, आणि उरलं तर बाई. अन्नपूर्णा कोपेल."

यावर बोलले ते सुकलाल. एरवी दवाखान्यात ते भिंतीकडे बघत बसत. ते म्हणाले, "हलवाई नाही का आधी चाखत? माणसांच्या पोटात जायच्या आधी स्वयंपाक कसा झालाय, ते बघायला नको? तू आधी देवाला नैवेद्य दाखव आणि मग चव बघायला बस. ताटभर चव."

घरी जाताना त्यांनी बाजारातून एक ताट घेतलं. खानावळीतल्या ताटांपेक्षा जरा लहान, दोन वाट्यांसकट.

पहिल्या दिवशी साडेअकराला मालतीबाई त्या ताटावर बसल्या तेव्हा त्यांनी पुढचं दार लोटून घेतलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, एक भाकरी, वाटीभर भरीत, वाटीभर उडदाच्या डाळीचं घुटं, काकडी आणि अर्धा डाव भात. सुकलालांनी वाढलं. बाईला कसं वाढतात हे ठाऊक नसल्यासारखं त्यांनी सगळं एकदम आणून ठेवलं आणि बाजूला उभे राहिले. मालतीबाई पहिल्यांदा स्वतःचं जेवण सलग जेवल्या. आणि जेवता जेवता त्यांच्या कपाळावर आठी आली.

"भरीतात तेल किती झालंय हो. डावाच्या टोकाने चाखलं तर कळत नाही. इथे बघा, भाकरीला ओघळ लागलाय. आणि घुट्यात मीठ हवंय चिमूटभर."

त्या उठल्या, मीठ घातलं, ढवळलं आणि परत येऊन बसल्या. साडेबाराला हेमराजने घास घेतला आणि टोमणा न मारता दुसऱ्यांदा घुटं मागितलं. त्याच्याकडून एवढं खूप झालं.

त्यानंतर वजन झरझर उतरलं, असं काही झालं नाही. पहिल्या महिन्यात दीड किलो. दुसऱ्यात एक. पातेली आता आधी पाणी घालून भिजत पडत, कारण कोरडं पातेलं दिसलं की हात आपोआप भाकरीकडे जाई. मोडक्या भाकऱ्या गल्लीतल्या गाईला जाऊ लागल्या. त्यावर मालतीबाईंनी मनाला समजावलं होतं, की गाईच्या पोटातही देव असतो आणि तिला हर्निया नसतो. चहा अर्धा कप, दिवसातून तीनदा. वैशाखात अमळनेरला पुतण्याचं लग्न झालं आणि आठ दिवसांत पावणेदोन किलो परत आले. त्या काट्यावर चढेचनात.

"चढा हो," निशा म्हणाली. "काटा मारत नाही."

"तू मारशील."

"मी कशाला मारू? लग्न रोज असतं का? परत गेल्यावर ताटावर बसलात ना?"

"त्याच दिवशी बसले."

"मग झालं."

सातव्या महिन्यात सर्जनांनी कागद बघितला. वजन चौऱ्याऐंशी किलो सहाशे. साखर सात पूर्णांक सहा. त्यांनी चष्मा काढला, पोट तपासलं, फुगा दाबून पाहिला आणि कॅलेंडर पुढे ओढलं. पुढच्या आठवड्यातला मंगळवार. मालतीबाई तारीख हातात घेऊन थेट जिन्याखाली गेल्या. निशाच्या समोर दुसरी पेशंट बसली होती, म्हणून त्यांनी दारातूनच कागद हलवून दाखवला. निशाने दोन्ही हात वर केले. टेबलावरची रबराची इडली खाली पडली आणि उड्या मारत पेशंटच्या खुर्चीखाली गेली.

सोमवारी, दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी, मालतीबाई नेहमीसारख्या साडेअकराला ताटावर बसल्या. खोलीवरची वीज जाऊन झोप मोडल्यामुळे हेमराज लवकर आला होता. त्याने दार ढकललं, त्यांना जेवताना पाहिलं आणि चोरासारखा मागे सरकला.

"ये, ये," मालतीबाई म्हणाल्या. "पळतोस कुठे?"

हेमराज आत आला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला या घरात काय करावं ते कळेना. सुकलाल मागे दवाखान्याची पिशवी भरत होते. हेमराजने हात धुतले, परातीतली भाकरी घेतली आणि वाकून उभा राहिला.

"अर्धी वाढू, मावशी?"

"नको."

"अशी कशी नको? संध्याकाळपासून दवाखान्यातलं पाणीदार वरण आहे. आम्ही नको म्हटलं तर कधी ऐकलंत तुम्ही? घ्या, एक घास तरी. माझी शपथ."

मालतीबाईंनी बावीस वर्षं हीच वाक्यं म्हटली होती, याच चालीत, याच लाडीगोडीने. त्यांना हसू आलं. त्यांनी डावा हात ताटावर आडवा धरला, जसा ही सगळी माणसं त्यांच्यासमोर धरत आली होती.

"पुरे, बाबा. पोट भरलं."

हेमराज तरी भाकरी पुढे करून उभाच राहिला. मालतीबाईंचा हात ताटावरून हलला नाही.

"ठेव ती परातीत," त्या म्हणाल्या, "आणि तू बस. साडेबाराची वाट कशाला बघतोस? घुट्यात मीठ बरोबर आहे. मी बघितलंय."