लख्खकाकांचं फडकं

मोठ्या काकांना डाग सहन होत नसे. खिशात कायम मऊ फडकं. चहा आला की आधी बशीची कड पुसायची, मग घोट घ्यायचा. कामावर सगळे त्यांना लख्खकाका म्हणत.

ते काम होतं अण्वस्त्रांच्या कोठाराचं. करार होईपर्यंत दोन्ही देशांनी काही अस्त्रं कुलूपबंद ठेवायची, आणि दर तीन महिन्यांनी समोरच्या देशाच्या माणसाने येऊन दार उघडलं गेलं नाही ना, ते तपासायचं, असं ठरलं होतं. दारावर कथलाचं सील असे. ते लावताना तपासनीस सुईने त्यावर केसासारख्या वेड्यावाकड्या रेघा ओढायचा आणि फोटो काढून न्यायचा. पुढच्या खेपेला रेघा फोटोशी जुळल्या की झालं. दाराची निगा काकांकडे.

नऊ वर्षं एकच तपासनीस येत होता. आपली भाषा तो काकांशी बोलून बोलूनच शिकला. घरी काकू त्याला ‘तुमचे पाहुणे’ म्हणायच्या.

त्या खेपेला बोलणी सह्यांपर्यंत आली होती. शुक्रवारी सह्या. पाहुणे येणार म्हणून काकांनी आदल्या दिवशी दार धुतलं, कडीला पॉलिश केलं आणि त्याच फडक्याने, हाताच्या सवयीने, सीलही पुसलं.

तपासनीसाने भिंग लावलं. फोटो पाहिला. पुन्हा भिंग लावलं.

“लख्खकाका, काय केलंत हे?”

“धूळ होती. पुसली.”

“चार रेघा गेल्या.”

काकांचा चेहरा उतरला. “दार उघडलेलं नाही हो. पहाऱ्याची वही बघा.”

“वही तुमचीच.”

“मग दार उघडा, आत मोजा.”

“त्याला दोन्हीकडची परवानगी लागते. तीन आठवडे जातील.”

“तुमचा माझ्यावर विश्वास नाही?”

“आहे. माझा चष्मासुद्धा तुम्हीच पुसून देता.” त्याने तपासणीचा कागद पुढे सरकवला. त्यावर दोनच चौकटी होत्या: जुळते, जुळत नाही. “विश्वास कुठे लिहू, दाखवा.”

“खाली शेरा लिहा.”

“माणूस सज्जन आहे, असं लिहू? मलाच विचारतील, त्याने तुला काय खाऊ घातलं.”

तपासनीसाने बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं, मग दुसऱ्या चौकटीत खूण केली. खाली साक्षीदार म्हणून काकांची सही लागत होती. त्यांनी ती केली. खोटं असं त्यात काहीच नव्हतं.

शुक्रवारी सह्या झाल्या नाहीत. रविवारी शेजारचे मास्तर पेपर घेऊन आले.

“वाचलंत? आपल्याच लोकांनी गुपचूप दार उघडलं असणार. उगाच कोण असं लिहील?”

“नाही उघडलं,” काका म्हणाले.

“तुम्ही सरकारी माणूस. तुम्ही असंच म्हणणार.”

काकूंनी चहा ठेवला. बशीत थोडा सांडला होता. काकांनी तो तसाच उचलला.