खोकणाऱ्या आणि न खोकणाऱ्या

कुवेतला येऊन तीन आठवडे झाले तेव्हा माझा छातीचा एक्स-रे निघाला. चार दिवसांनी नवऱ्याच्या फोनवर निरोप आला, पत्नीला परत घेऊन या, फोटो पुन्हा काढायचा आहे. कारण दिलं नव्हतं. तारीख दहा दिवसांनंतरची होती.

"अगं, मशीन बिघडलं असेल," नवरा म्हणाला. तो कुवेत सिटीतल्या एका कंपनीत अकाउंटंट आहे. जगात जे काही चुकतं ते कुणाच्या तरी हलगर्जीपणानं चुकतं, अशी त्याची श्रद्धा आहे. चार वर्षं तो इथे एकटा राहिला होता. आता कुठे मी आणि आमची सहा वर्षांची लेक आलो होतो, लेकीला शाळेत प्रवेश मिळाला होता आणि ती घरातसुद्धा "आय नो, आय नो" म्हणायला लागली होती. फक्त माझा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, व्हायचा होता. छातीत डाग दिसला तर इकामा नाही. थेट परतीचं विमान, आणि मग या देशाचं दार कायमचं बंद.

नवऱ्याला जे माहीत नव्हतं ते असं. बारा वर्षांची असताना मला क्षय झाला होता. नऊ महिने गोळ्या घेतल्या आणि बरी झाले. त्या नऊ महिन्यांत आईनं माझा पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला. बाकीच्यांत मिसळू नये म्हणून त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. लग्न ठरलं तेव्हा तीच आई म्हणाली, "बरा झालेला आजार हा आजार नसतो. तू तोंड उघडू नकोस." मी उघडलं नाही. कुवेतचा व्हिसा करताना मुंबईत तपासणी झाली, तो फोटो साफ आला. म्हटलं, सुटले. आता वाटू लागलं, इथलं मशीन मुंबईच्या मशीनपेक्षा हुशार निघालं.

त्या दहा दिवसांत मी दुपारी घरात एकटी बसू शकत नव्हते. बनेद अल-गार वस्तीतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक सत्तरीच्या आर्मेनियन बाई राहायच्या. मूळच्या बैरुतच्या, इथे पियानो शिकवण्यात हयात गेली होती. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही म्हणायची. त्यांचं एका इटालियन ऑपेराचं वेड असं होतं, की त्यांच्या कपाटात तोच ऑपेरा अकरा वेगवेगळ्या गायिकांच्या आवाजात होता. त्यातच समुद्राकाठच्या ऑपेरा हाउसमध्ये इटलीहून मंडळी येऊन नेमका तोच करणार, अशी जाहिरात लागली. मॅडमच्या घराचं लग्नघर झालं. त्यांनी दोन तिकिटं काढली आणि मला बजावलं, "तयारी न करता यायचं नाही. रोज दुपारी खाली ये."

ऑपेराची गोष्ट अशी. पॅरिसमधली एक देखणी, बदनाम बाई. तिचं एका तरुणावर प्रेम बसतं, त्याचा बाप येऊन तिला दूर करतो, आणि शेवटी सगळे पश्चात्ताप करत परत येतात तेव्हा ती मरते. कशानं? क्षयानं! साऱ्या इटलीत यांना दुसरा आजार सापडला नाही.

मॅडमना माझं काहीच माहीत नव्हतं. त्या रंगात येऊन सांगायच्या. व्हेनिसमधला पहिला प्रयोग सपशेल आपटला. नायिका चांगली अंगानं भरलेली होती. डॉक्टर म्हणतो, हिचे आता थोडेच तास उरलेत, आणि प्रेक्षक खो खो हसले. पुढे त्याच गावात दुसऱ्या थिएटरात, दुसरी गायिका घेऊन केला, तेव्हा मात्र लोक रडले. तरी कितीतरी वर्षं नाटक मुद्दाम जुन्या काळातल्या पोशाखात करत. "का?" मी विचारलं. "कारण आपल्या काळातला आजार आपल्याच कपड्यांत बघायला लोकांना नको असतो," त्या म्हणाल्या.

अकरा गायिकांचे त्यांनी दोन गट पाडले होते: खोकणाऱ्या आणि न खोकणाऱ्या. खोकणाऱ्यांवर त्यांचा राग. खोकला स्वरांत लिहिलेला नाही, ती फसवणूक आहे, असं त्यांचं मत. खरी गायिका आवाजाची धारच अशी बारीक करते की आता तुटेल असं वाटतं, पण तुटू देत नाही. शेवटच्या अंकात नायिका एक पत्र गाऊन नव्हे, नुसतं बोलून वाचते. तो तुकडा त्यांनी मला अकरा जणींकडून ऐकवला. एक आक्रस्ताळी, एक हुंदके देणारी, एक जण बाजाराची यादी वाचावी तशी वाचणारी. त्या यादीवालीनंच मला सगळ्यांत जास्त घाबरवलं. आपल्याकडे संगीत नाटकात मरतानाही पद म्हणायची सोय असते आणि लोक वन्स मोअर देऊन मेलेल्याला उठवतात, हे मी सांगितलं तर मॅडम खूश झाल्या. मीही हसले. हसता हसता ठसका लागला आणि मी तोंडावर हात दाबला.

तेव्हापासून मी खोकला मोजू लागले. गालात ज्येष्ठमध धरून फिरायची. एसीची थंड हवा घशाला लागली की उशीत तोंड खुपसायची. एकदा लेक म्हणाली, "मम्मा, यू आर कफिंग." मी तिच्यावर अशी ओरडले की ती बिचारी दाराआड जाऊन उभी राहिली. तिच्या पाण्याच्या बाटलीला मी हात लावेनाशी झाले. डाग खरा असेल तर तो तिच्यापर्यंत पोचेल, ही भीती परत जाण्याच्या भीतीपेक्षाही मोठी होती.

एका दुपारी मी मॅडमना विचारलं, "तो तरुण शेवटी तिला मिठी मारतो. इतक्या वर्षांत, इतक्या प्रयोगांत, कुणी कचरलेला पाहिलात?"

"एकदा," त्या म्हणाल्या. "बैरुतला, मी लहान होते तेव्हा. त्यानं तिला जवळ घेतलं आणि तोंड थोडंसं बाजूला वळवलं. श्वास चुकवायला. लोक म्हणाले, वाईट नट आहे. मला विचारशील तर तेवढा एकच खरा होता."

गुरुवारी संध्याकाळी आम्ही गेलो. पहिले दोन अंक मी काय पाहिलं ते देव जाणे. शेजारी कुणी खाकरलं तरी मी दचकायची. मग शेवटचा अंक लागला. नायिका पांढऱ्या गाऊनमध्ये पलंगावर. दासीनं तिचे केस मोकळे केले, गळ्यातलं सगळं काढून मेजावर ठेवलं. गळा पार उघडा झाला. आणि ती ते पत्र बोलू लागली तेव्हा मला एकदम आठवलं.

एक्स-रेच्या खोलीत गाऊन चढवायला सांगून केरळची नर्स हिंदीत म्हणाली होती, "गले का सब निकालो. सोना, धागा, सब." निघताना सासूबाईंनी निक्षून सांगितलं होतं, परक्या देशात गळ्यातलं एक क्षणही उतरवू नकोस, माझ्या मुलाचं आयुष्य आहे ते. मुंबईच्या तपासणीतल्या बाईनं समोर उभं राहून काढायला लावलं होतं, तेव्हा मी रात्रभर तळमळले होते. म्हणून इथे आडोशाला गेल्यावर मी मंगळसूत्र वेणीत गुंडाळलं, वर चिमटा लावला आणि बाहेर आले. "सब निकाला?" "हाँ." मशीनला छाती टेकवून हनुवटी वर केली तेव्हा वेणी उजव्या खांद्यावरून पुढे घसरली. ते मला जाणवलंही होतं. पण श्वास रोखायला सांगितला होता, म्हणून हलले नाही.

म्हणजे फोटोत डाग दिसला असलाच, तर तो माझ्या मण्यांचा असेल. किंवा नसेल. स्टेजवरची बाई मेली, लोक उभे राहिले, मॅडम रडत टाळ्या वाजवत होत्या. "ही खोकली नाही, पाहिलंस?" त्या म्हणाल्या. मी पाहिलं होतं. मीही खोकले नव्हते.

रविवारी सकाळी गाडीत मी नवऱ्याला सांगितलं. "अहो, या वेळी मी गळ्यातलं काढणार आहे. तुम्ही खिशात ठेवा." का, ते सांगितल्यावर तो हसत सुटला. "आईचं आणि तुझं धन्य आहे! दहा दिवस माझा जीव टांगणीला, आणि वेणीत मंगळसूत्र!" त्याचा तो हलका झालेला चेहरा बघून मला राहवलं नाही. वाटलं, आता सगळंच सांगून मोकळं व्हावं. बारा वर्षांची असतानाचं सांगितलं. नऊ महिने, गोळ्या, आईनं वेगळा ठेवलेला ग्लास, बुडाचा लाल ठिपका, सगळं.

तो हसायचा थांबला. सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला, मग त्यानं गाडी काढली. पुढच्या वळणावर म्हणाला, "आधी सांगायला हवं होतंस." एवढंच. त्याच्या जागी मी असते तर गाडी थांबवून भांडले असते. त्याचं ते न भांडणं मला नीट वाटलं नाही.

केस डोक्यावर घट्ट बांधून, उघड्या गळ्यानं मी फोटो काढून घेतला. तीन दिवसांनी निकाल आला: फिट. छाती स्वच्छ. इकामाचं काम सुरू झालं. मॅडमनी खाली बोलावून केक खाऊ घातला, कशाबद्दल ते न विचारता. सासूबाईंना फोनवर फक्त शेवट सांगितला. नवऱ्यानं मंगळसूत्र स्वतः माझ्या गळ्यात घातलं आणि मला वाटलं, संपलं.

महिनाभरानं एका शुक्रवारी जेवताना शेंगदाण्याच्या चटणीचा ठसका लागला. साधा ठसका. नवऱ्यानं घास हातात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. तिची खुर्ची त्यानं पायानं किंचित स्वतःकडे ओढली. मग माझ्यापुढे पाण्याचा स्टीलचा ग्लास सरकवला. "हळू खा गं," प्रेमानंच म्हणाला.

दुपारी भांडी घासताना तो स्टीलचा ग्लास हातात आला. मी पालथा केला. बुडाला लाल ठिपका होता, नेलपॉलिशचा नव्हे, नवऱ्याच्या ऑफिसच्या मार्करचा. कडा फिकट झाल्या होत्या, म्हणजे आजचा नव्हता, बरेच दिवस घासला जात होता. मी इतके दिवस पाहिला नव्हता, कारण पाणी नेहमी नवराच आणून द्यायचा आणि तो ग्लासही स्वतःच घासून ठेवायचा.

मी तो घासला, पुसला आणि बाकीच्या ग्लासांपासून दूर, वरच्या फळीवर ठेवला.