आई धरलेली नाही

आमच्या दादाला दातांचे डॉक्टर 'मिलिमीटर' म्हणतात आणि त्याला ते मनापासून आवडतं. तो कवळ्या बनवतो. डॉक्टरांकडून आलेल्या ठशात प्लास्टर ओतायचं, जबडा तयार झाला की त्यावर मेणाच्या हिरड्या उभ्या करायच्या, एकेक दात बसवायचा, घासायचा, चमकवायचा. अनोळखी माणसांची तोंडं दिवसभर त्याच्या टेबलावर आ वासून पडलेली असतात. त्यातलं एकही त्याच्याशी बोलत नाही. मला वाटतं, म्हणूनच त्याला जिवंत माणसांचा सराव राहिलेला नाही.

मी त्याची धाकटी बहीण. पोहण्याच्या तलावावर तिकिटाच्या खिडकीत बसते. माझ्या जिभेला हाड नाही असं घरात सगळेच म्हणतात, त्यामुळे इथेही कुणाची भीड ठेवणार नाही. दादा वाईट माणूस नाही. मुलांवर कधी हात उचलला नाही, उशिरा घरी आला नाही, उधारी ठेवली नाही. पण एखाद्या गोष्टीचं माप घ्यायला बसला की त्याला माणसं दिसत नाहीत, आणि हे त्याला कितीदा सांगितलं तरी पालथ्या घड्यावर पाणी.

घरात तो, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि आई. आई पुढच्या खोलीत, खिडकीला लावलेल्या पलंगावर. तिची कवळी अर्थातच दादाने केलेली. तिची एक सवय आहे. समोरच्याशी बोलायचं संपलं, की ती कवळी काढते, रुमालात गुंडाळते आणि उशीखाली ठेवते. मग तुम्ही डोकं आपटा, ती हूं की चूं करणार नाही. मुलं म्हणतात, "आजीचं दुकान बंद झालं." मीही हसायची.

वहिनीने लग्नापासून दादाकडे एकच हट्ट धरला होता. कुठेतरी जायचं, आणि दुसऱ्या कुणीतरी घातलेल्या अंथरुणावर झोपायचं. दादा दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचा. मग एका कंपनीचा फोन आला, दोघांना एका हॉटेलात बोलावलं, थंड सरबत दिलं, पडद्यावर समुद्र दाखवला, डोंगर दाखवले आणि भिंतीवरचं घड्याळ फुकट दिलं. घड्याळ आठवडाभरात बंद पडलं. दादा मात्र चालू झाला.

ही कंपनी खोली विकत नाही, घर तर नाहीच. ती पॉइंट विकते. एकदा करार केला की ठरलेले पॉइंट आपल्या नावावर जमा होत राहतात, आणि कंपनीच्या कुठल्याही ठिकाणी ते खर्च करून राहता येतं. मोठी खोली, जास्त पॉइंट. शाळांच्या सुट्ट्या, जास्त पॉइंट. आडदिवशी, भर थंडीत जा, कमी पॉइंट. शिवाय जा किंवा जाऊ नका, देखभालीचे पैसे भरत राहायचे. मी म्हटलं, "म्हणजे न गेल्याचेही पैसे?" दादा म्हणाला, "तुला समजणार नाही." माझ्या खिडकीसमोर रोज पाचपन्नास माणसं अर्ध्या तिकिटावरून भांडतात, मला चांगलंच समजलं होतं.

त्याला सोडवायला एक गणित मिळालं होतं. एक मोठा करार करावा की दोन छोटे? दोन केले तर पुढेमागे एक मुलाला, एक मुलीला देता येईल, अडचण आली तर एक विकून टाकता येईल. पण देखभाल दोनदा. पॉइंट दर वर्षीचे घ्यावेत की वर्षाआडचे? कंपनीकडून कोरे घ्यावेत की कंटाळलेल्या जुन्या सभासदाकडून स्वस्तात उचलावेत? स्वस्त घेतले तर काही ठिकाणी प्रवेश नाही म्हणे. करार कुणाच्या नावावर? त्याने घरातल्या सगळ्यांचं डोकं खाल्लं. कारखान्यातून प्लास्टरचे जबडे आणून जेवणाच्या टेबलावर मांडले.

"हा वरचा जबडा म्हणजे समुद्र. हा खालचा म्हणजे डोंगर."

"आणि ही दाढ?" भाचीने विचारलं.

"ही दाढ म्हणजे देखभाल. ती कायमची."

"किडली तर?"

"गप्प बस," वहिनी म्हणाली, पण तीही हसत होती. इतक्या वर्षांत वहिनीला असं हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. आई पलंगावरून हे सगळं बघायची. एकदा तिने विचारलं, "समुद्राच्या खोलीतून पाणी दिसतं का रे?" दादा म्हणाला, "त्याचे पॉइंट वेगळे." आईने मान डोलावली.

शेवटी मिलिमीटरने निकाल लावला. एकच करार, छोटा. वर्षाआड. थेट कंपनीकडून, नवराबायकोच्या नावावर. एक बेडरूम, बाहेर उघडून पलंग होणारा सोफा, त्यावर मुलं. शाळेच्या सुट्टीत पूर्ण आठवडा. पॉइंट बरोब्बर पुरतात, एकही उरत नाही, एकही कमी पडत नाही. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जणू पहिल्याच फेरीत कवळी चपखल बसली.

सह्या करायला कंपनीची मुलगी रविवारी घरी आली. कराराला साक्षीदार लागतो म्हणून दादाने मला बोलावलं होतं. मुलगी हसतमुख, नीटनेटकी. तिने कागद टेबलावर पसरले. आई स्वतः उठून सगळ्यांसाठी पाणी घेऊन आली. आजकाल तिला ट्रे धरणं जड जातं, पण पाहुणी आली म्हणून उठली होती.

"सर, कुटुंबात एकूण माणसं किती? यावर तुमच्या खोलीचा प्रकार ठरतो."

"चार," दादा म्हणाला.

मुलीने लिहिलं. मग समोर पाण्याचा पेला आला आणि तिने वर बघितलं. "आणि आजी?"

आता यावर माणूस काहीही बोलू शकतो. विसरलो म्हणू शकतो. जीभ चावू शकतो. दादाने यातलं काही केलं नाही. त्याने कागदावर बोट ठेवलं आणि एखाद्या डॉक्टरला समजावतात तसं समजावलं, "चाराच्या वर गेलं की तुमचा पुढचा टप्पा लागतो. दोन बेडरूम. मग आठवडा बसत नाही. म्हणून आई धरलेली नाही."

वहिनीची मान खाली गेली. भाचीने बापाकडे असं बघितलं की मला तिच्याकडे बघवेना.

"दादा!" मी म्हटलं. "ती इथे उभी आहे."

"अगं, मी हिशेब सांगतोय."

"बरोबर आहे त्याचं," आई म्हणाली. ट्रे टेबलावर ठेवला. पलंगापर्यंत गेली, बसली, कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि उशीखाली ठेवली.

कंपनीची मुलगी पेन घेऊन माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "मी सही करणार नाही." दादा चिडला. मी चपला घातल्या आणि निघाले. नंतर कळलं, शेजारणीला बोलावून सही घेतली.

पुढचे काही दिवस आईने दात लावलेच नाहीत. सकाळी नाही, जेवताना नाही, कुणी आलं तरी नाही. दुधात बुडवलेला ब्रेड खायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. आणि आमच्या मिलिमीटरला काय वाटलं असेल? कवळी बोचते. त्याने उशीखालून ती काढली, कारखान्यात नेली, कडा घासल्या, आणून दिली. आईने घेतली, उशीखाली ठेवली. त्याने पुन्हा नेली, पुन्हा घासली. हे वहिनीने मला फोनवर सांगितलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. आई याच्याशी बोलत नव्हती आणि हा कानस चालवत होता.

शेवटी त्याने आईलाच विचारलं, "कुठे टोचतंय, बोट दाखव ना."

आई बिनदातांनी म्हणाली, "दातांना काही झालं नाहीये."

त्या संध्याकाळी मी तलावावरून थेट कारखान्यात गेले. भांडायचं ठरवूनच गेले होते, तोंडात वाक्यं तयार होती. मोटर बंद होती. दादा दिव्याखाली आईची कवळी तळहातावर घेऊन बसला होता. प्लास्टरची बारीक पांढरी भुकटी त्याच्या भुवयांवरसुद्धा होती.

"ये," तो म्हणाला. "हे बघ."

"काय बघू?"

"पुढचे दात बघ. आता मागचे. रंग एक आहे का?"

मी दिव्याजवळ धरून बघितलं. पुढचे जरा पिवळट होते, मागचे पांढरे. इतकी वर्षं आईशी बोलते आहे, मला कधी दिसलं नव्हतं.

"दात सेटमध्ये येतात," तो म्हणाला. "कामं संपली की एखाददुसरा दात उरतो. तो या खणात टाकतो. आईची कवळी मी या खणातून केली. तेव्हा परिस्थिती बेताची होती, ते खरं. पण नंतर कधी बदलली नाही. मला दिसत होतं गं. रोज दिसत होतं. वाटायचं, आईला कोण बघतंय."

मी बरोबर आणलेली वाक्यं तशीच गिळली.

"मला लाज वाटते," तो म्हणाला. एवढं सरळ तो आयुष्यात कधी बोलला नसेल. "त्या मुलीसमोर बोललो म्हणून नाही. ती कोण, उद्या विसरेल. पण काल इथे बसून सहज पाहिलं, पाच माणसं धरली तर काय होतं. तेवढ्याच पॉइंटांत दोन बेडरूम मिळते. फक्त आठवड्याच्या ऐवजी तीन रात्री."

"मग?"

"मग काय! एवढे कागद काळे केले. समुद्र, डोंगर, जुनं, नवं, वर्षाआड, सगळं मांडलं. पाच म्हटलं की आठवडा बसत नाही, एवढं बघून थांबलो; किती रात्री बसतात, हे एकदाही मांडलं नाही. जमत नव्हतं म्हणून सोडलं असतं तर गोष्ट वेगळी. मी मांडलंच नव्हतं." त्याने कवळी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भुकटी हातांना लागली, हातांची चेहऱ्याला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला त्याचा राग येतच होता, तरी ठेवला.

सही केल्यापासून काही दिवस करारात बदल करता येतात. ती मुदत संपायच्या आत कंपनीची मुलगी पुन्हा आली. यावेळी मला कुणी बोलावलं नव्हतं, मी आपणहून गेले. दादा आपला सगळ्यात चांगला शर्ट घालून बसला होता आणि आईच्या पलंगाकडे एकदाही बघत नव्हता. जबडे टेबलावरून गेले होते.

"कुटुंबातली माणसं बदलायची आहेत," तो म्हणाला. "पाच करा."

मुलीने हातातल्या टॅबवर काहीतरी बघितलं. "चालेल सर. मग तुम्हाला सुट्टीत तीन रात्री मिळतील."

"चालेल."

पलंगावर हालचाल झाली. आईने उशीखाली हात घातला, रुमाल काढला, हळूहळू उलगडला आणि कवळी तोंडात बसवली. इतक्या दिवसांनी ती नीट बसायला वेळ लागला. भाचा काहीतरी बोलणार होता, भाचीने त्याला चिमटा काढला.

"मी यायची नाही," आई म्हणाली. "माझ्याने प्रवास होत नाही."

दादाचा चेहरा पडला. "आई, आपण गाडी करू. तुला समुद्र—"

"नाही म्हटलं ना."

कंपनीच्या मुलीला आमच्या घरातलं काय ठाऊक! ती मदत करायला म्हणून बोलली. "सर, आजी येणार नसतील तर चारच ठेवा. पूर्ण आठवडा मिळेल. तुमचंच नुकसान होतंय."

मी वहिनीकडे बघितलं. त्या आठवड्यासाठी ती लग्नापासून थांबली होती. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली, मग म्हणाली, "पाचच लिहा."

मुलगी गोंधळली. "पण मॅडम, एक खोली रिकामीच राहील."

"राहू दे," आई म्हणाली. मग ती दादाकडे वळली. तो खाली बघत होता, म्हणून तो वर बघेपर्यंत ती थांबली. त्याला बराच वेळ लागला.

"मी यायची नाही," आई पुन्हा म्हणाली. "पण मला धर."

दादाने मान डोलावली. मुलीने चाराचे पाच केले आणि दादाने शेजारी सही केली. खाली या बदलासाठी साक्षीदाराची वेगळी जागा होती. मी पेन मागून घेतलं.