नावाड्याचे नऊ भाग आणि तीन कंपन्या

माझ्या कपाटात एक जपानी चित्रकथा आहे, एकूण नऊ भागांची. पहिले तीन भाग एकवीस सेंटिमीटर उंच, पुढचे चार एकोणीस, आणि शेवटचे दोन एकाच जाड पुस्तकात कोंबलेले. त्याची उंची साडेबावीस. मी वजनमाप खात्यात नोकरी करतो, त्यामुळे पट्टी हाताशी असते, पण हा फरक दिसायला पट्टी लागत नाही. एकच गोष्ट इंग्रजीत आणायला तीन कंपन्या लागल्या आणि तिघींनी मिळून ती बिघडवली.

या चित्रकथांना मंगा म्हणतात हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. गोव्यातल्या हरमलच्या किनाऱ्यावर दुकानांतले तराजू तपासायला जायचो, तेव्हा तिथल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात परदेशी पाहुण्यांनी वाचून सोडलेली पुस्तकं मिळायची. त्यात या गोष्टीचे पहिले दोन भाग सापडले. गोष्ट नदीवरच्या एका म्हाताऱ्या नावाड्याची. अलीकडे गाव, पलीकडे बाजार, मधे त्याची होडी, आणि वरच्या अंगाला पूल बांधायला घेतलेला. बस्स. मारामारी नाही, राक्षस नाहीत. जवळच्याच आमच्या कोरगावात वाढलेल्या माणसाला होडीची वाट बघणं समजावून सांगावं लागत नाही. मी दोन्ही भाग एका बैठकीत वाचले आणि उरलेले सात मिळवायला मला सहा वर्षं लागली. दुसऱ्या कंपनीचा पाचवा भाग छापून संपला होता आणि पुन्हा छापायचा विचार नव्हता. चौथा, सहावा, सातवा मात्र बाजारात होते. मधला भाग नसताना कडेचे कोण घेणार, हा हिशोब त्यांच्याकडे कोणी केला नसावा.

त्याच सुमारास दादा घरी आला. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. डिचोलीकडच्या एका खाणीवर त्याने चोवीस वर्षं क्रशर चालवला. तिकडेच खोली घेऊन राहायचा, रविवारी कोरगावात यायचा. खाण बंद पडली आणि तो कायमचा घरी आला तेव्हा त्याचे कान जवळपास गेले होते. कानाचं यंत्र आणलं, ते त्याने चार दिवसांत कपाटात टाकलं. त्यातून फक्त भांडी पडल्याचं ऐकू येतं म्हणाला. टीव्हीवर माणसं तोंडं हलवतात, ती बघायचा त्याला कंटाळा. एका दुपारी मी कचेरीतून आलो तर तो नावाड्याचा पहिला भाग मांडीवर घेऊन बसला होता.

"हांगा कितें बरयलां?" त्याने संवादाच्या एका फुग्यावर बोट ठेवून विचारलं. इथे काय लिहिलंय.

त्याला इंग्रजी येत नाही. ओरडून सांगितलं तर अर्धं ऐकू येतं आणि शेजाऱ्यांना पूर्ण. म्हणून मी कागदाच्या चिठ्ठ्या कापून, त्यांवर मराठीत लिहून, एकेका फुग्यावर चिकटवायला लागलो. आमच्याकडे बोलायचं कोंकणीत आणि लिहायचं मराठीत ही जुनी रीत आहे, तेव्हा भाषेवरून वाद झाला नाही. पहिल्या भागात आठशे सदतीस फुगे निघाले. जपानी वरून खाली लिहितात, म्हणून फुगे उंच आणि अरुंद. त्यात इंग्रजी कसंबसं बसवलेलं, आणि त्यावर मला 'म्हटल्याप्रमाणे' हा शब्द बसवायचा. बायको म्हणाली, "तुमी दोगूय ल्हान भुरगीं," दोघंही लहान मुलं, आणि कात्री लपवून ठेवली. वहिनीने ती शोधून दिली. दादाच्या तोंडावर इतक्या दिवसांत एवढा उत्साह बघितला नव्हता, असं ती म्हणाली.

आता कंपन्यांविषयी. पहिलीने इंग्रजी वाचकाला उजवीकडून वाचायचा त्रास नको म्हणून सगळी चित्रं आरशात धरल्यासारखी उलटी करून छापली. परिणाम असा की अख्खं गाव डावखुरं. नावाडी डाव्या हाताने वल्हवतो, भटजी डाव्या हाताने पाणी सोडतो. दादाला ते दुसऱ्याच पानावर खटकलं. मग ती कंपनी बंद पडली आणि दुसरीने चौथ्या भागापासून चित्रं मुळाप्रमाणे सरळ छापली. तत्त्व म्हणून उत्तमच. पण तीन भाग डाव्या काठावर असलेलं गाव चौथ्या भागात उजव्या काठावर गेलं, याबद्दल एक ओळ लिहायचं सौजन्य त्यांनी दाखवलं नाही.

"देऊळ पलतडी कशें गेलें?" दादाने विचारलं. पलतडी म्हणजे पैलतीरी.

मला अर्धा तास चित्रं काढून समजवावं लागलं. तो म्हणाला, "म्हणजे पूल नकोच होता. कंपनीनेच सगळ्यांना पार केलं."

पण खरा त्रास फुग्यांचा नव्हता, आवाजांचा होता. या चित्रकथांत आवाज चित्रातच लिहिलेले असतात. वल्ह्याचा, पावलांचा, उकळत्या किटलीचा, सगळ्यांचे. मी पूर्वी वाचताना त्यांच्याकडे बघतही नव्हतो. दादा एकही सोडत नसे. चित्रात कुठे काही खरडलेलं दिसलं की बोट तिथे. आणि इथे मला नाइलाजाने सांगावं लागतं की, चित्रं उलटी करणाऱ्या त्या पहिल्या कंपनीने जपानी आवाज खोडून इंग्रजी आवाज रंगवले होते. ओबडधोबड होते, पण होते. मी ते वाचून चिठ्ठीवर आमचे आवाज लिहायचो. संवाद मराठीत, पण 'चुळूक', 'खळ्ळ', 'दडदड' हे घरातलेच. दुसऱ्या कंपनीने आवाज तसेच ठेवून शेवटी यादी दिली, पान क्रमांकांसकट. फक्त पानांवर क्रमांक छापले नाहीत. चित्र कडेपर्यंत जातं, म्हणून आकड्याला जागा नाही. मी चारही भागांना पेन्सिलने क्रमांक घातले आणि यादीशी ताडून पाहिले. सहाव्या भागात यादी दोन पानांनी चुकलेली होती.

तिसऱ्या कंपनीने, म्हणजे त्या साडेबावीस सेंटिमीटरवालीने, आवाजांना हातच लावला नाही. यादीही नाही. कागद गुळगुळीत, बांधणी इतकी घट्ट की पुस्तक उघडायला गुडघा लावावा लागतो. आरंभी एक पानभर लिहिलंय की मूळ कलेविषयी आदर म्हणून चित्रातली अक्षरं जशीच्या तशी ठेवली आहेत. ज्याला जपानी येत नाही त्याच्यासाठी भाषांतर करायचं आणि निम्मं जपानीतच ठेवून त्याला आदर म्हणायचं, हे मला समजत नाही. दुकानदाराने किलोतला पाव किलो तसाच पोत्यात ठेवला तर मी त्याला आदर म्हणत नाही, नोटीस देतो.

आम्ही जमेल तसं वाचलं. चित्रावरून किटली कळते, पाऊल कळतं. पण नवव्या भागाच्या शेवटच्या पानावर गाडी अडली. पूल पूर्ण झालाय. होडी काठाला बांधलेली. नावाडी तिच्यात पाठमोरा बसलाय. एकही फुगा नाही. आणि वर, नदीच्या मधोमध, तीन खुणा. मधली नुसती लांब रेघ.

"कोण उलो मारता?" दादाने विचारलं. उलो म्हणजे हाक. पैलतीरावरून होडीसाठी मारतात ती.

मी हात हलवले, खबर ना, ठाऊक नाही.

"उलोच तो. बघ, पलतडीसून येता." त्याने रेघेवरून बोट फिरवलं. पलीकडून कोणी हाक मारत असेल, तर पूल होऊनही नावाड्याची गरज उरली होती. नसेल, तर संपलं. गोष्ट कशी संपली हे त्या तीन खुणांवर होतं, आणि ते विचारायला दादाकडे माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

इंटरनेटवर विचारलं तर दोघांनी उत्तरं दिली, एकाने वारा म्हणून, दुसऱ्याने लाटा. मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं, पानाचा फोटो जोडून. दोन महिन्यांनी तीन ओळी आल्या. आमचं धोरण ठरलेलं आहे. गोष्ट समजण्यासाठी हे आवाज आवश्यक नाहीत. आपल्या आवडीबद्दल आभार.

मी रागाने ते मराठीत उतरवून दादासमोर ठेवलं, त्यालाही राग यावा म्हणून. तो मोठ्याने हसला. "ही कंपनी आमच्याच घरची!"

वहिनी शेंगा सोलत होती, तिचे हात थांबले. पोदेर पाव देऊन जातो, दारात कोणी येतं, जेवताना कशावरून हशा होतो, दादा विचारतो काय झालं, आणि आम्ही एकजात सगळे म्हणतो, "कांय ना." काही नाही. पुन्हा ओरडून सांगायचा कंटाळा. आवश्यक नसतं.

पुढच्या आठवड्यात मी हरमलला गेलो. ओळखीच्या गेस्टहाउसवाल्याला विचारलं, जपानी कोणी आहे का? दर हिवाळ्यात येणारी पन्नाशीची एक बाई होती. तिने पान बघितलं आणि लगेच म्हणाली, "शीन." मग मोडक्या इंग्रजीत, "नो साउंड. व्हेरी मच नो साउंड." त्यांच्याकडे शांततेलाही लिहिलेला आवाज असतो. कोणाच्या विनोदाला कोणी हसलं नाही, तरी हाच लिहितात म्हणे.

मी घरी आलो आणि दादाला लिहून दाखवलं: आवाज नाही, असं लिहिलंय.

त्याने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं. "कांय ना, न्हय?"

"खरंच, दादा."

"तुमचें सदांचेंच." त्याने पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं आणि चहा घेऊन मागच्या पडवीत गेला. इतकी वर्षं आम्ही खोटं सांगितलं तेव्हा त्याने मानलं, आणि आता खरं मानेना. तीन दिवस तो चहाला माझ्यासमोर बसला नाही.

रविवारी मी त्याला स्कूटरवर मागे बसवलं, पुस्तक पिशवीत घातलं आणि हरमलला नेलं. बाई ओट्यावर कपडे वाळत घालत होती. दादाने स्वतःच पान उघडून तिच्यापुढे धरलं आणि त्याच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, कोंकणीत विचारलं, कोण हाक मारतंय? शब्द तिला कळले नसतील, प्रश्न कळला. तिने पैलतीरावर बोट ठेवलं, मान हलवली. पाण्यावर ठेवलं, मान हलवली. होडीवर, पुलावर, प्रत्येक ठिकाणी नाही. मग तळवा आडवा धरून चित्रावरून सावकाश फिरवला, चादरीची सुरकुती काढावी तसा. शेवटी नावाड्याच्या पाठीवर बोट ठेवून स्वतःच्या कानाला लावलं.

"तो तें आयकता?" दादाने मला विचारलं. तो हे ऐकतोय?

मी मान डोलावली.

दादाने पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं. मग म्हणाला, "नशीबवान."

परतताना आम्ही चहाला थांबलो. तिथे बाकावर बसून त्याने सांगितलं. "खाण बंद पडली, क्रशर मात बंद पडूंक ना. कानांत चालूच आसा." उजव्या कानात दगड भरडल्यासारखं आणि डाव्यात शिट्टी. दिवसरात्र. त्याला ऐकू येत नाही म्हणजे तो शांततेत बसलेला असतो, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. सांगितलं का नाहीस, मी हातवारे केले.

"कोणें विचारलें?"

मी पिशवीतून कागद काढला आणि विचारायला लागलो. कधीपासून. झोपताना वाढतं का. शिट्टी एकाच सुराची, की बदलते. जेवताना कमी होतं का. तो एकेक वाचून नीट विचार करून उत्तर देत होता, क्रशरच्या कुठल्या पट्ट्याचा आवाज कुठल्या कानात गेला इथपर्यंत. माझा कागद दोन्ही बाजूंनी भरला, तेव्हा मी हॉटेलवाल्याकडे बिलाचं पॅड मागितलं. त्याने बिल करू का म्हणून विचारलं. मी म्हटलं नको, अजून दोन चहा आण.