अक्काचा रकाना

अक्काला काशीवास हवा होता, असं मी पुण्याच्या, ग्वाल्हेरच्या आणि इथल्या रामघाटावरच्या सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. ते खोटं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचा जन्म रामघाटाचा, शाळा इथली, नोकरी इथल्याच मुलींच्या शाळेत गणित शिकवण्याची. लग्न तिनं केलं नाही. चौऱ्याऐंशी वर्षं जी बाई काशीतच राहिली तिला वेगळा काशीवास कसला हवा असणार? पण ऐकणाऱ्यांपैकी एकानंही हा प्रश्न मला विचारला नाही. "भाग्यवान आहे हो तुमची बहीण," असं म्हणून त्यांनी फोन ठेवले. ते सगळे अजून हयात आहेत आणि हे वाचतील. वाचावंच, म्हणून लिहितो आहे.

झालं असं की अक्का न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण तिला उठवणं, बसवणं, कूस बदलणं हे सगळं माझ्यावर आलं. माझ्या बायकोचे दोन्ही गुडघे बदललेले, आणि आमच्या घराचा जिना असा की धडधाकट माणूसही दोरी धरून चढतो. चार महिने मी केलं. पाचव्या महिन्यात मी दमलो. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

शहराबाहेर एक वृद्धाश्रम आहे, त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथे दोन कक्ष होते. एक सेवा कक्ष. तिथे म्हाताऱ्या माणसांचं खाणंपिणं, औषधपाणी, आठवड्यातून एकदा डॉक्टर. दुसरा काशीवास कक्ष. तो देह ठेवायला आलेल्यांसाठी. तिथे तुळस, गंगाजल आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून दिवसभर रामधून. औषध नाही, डॉक्टर नाही. सेवा कक्षासाठी दोन महिने थांबावं लागणार होतं. काशीवास कक्षात त्याच दिवशी एक खाट रिकामी होती.

व्यवस्थापक पन्नाशीचा, गोड बोलणारा. मी रेल्वेच्या आस्थापना विभागात कारकून होतो, पण रामघाटाचा मराठी माणूस म्हटल्यावर त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि "गुरुजी" म्हणायला सुरुवात केली.

"गुरुजी, अभी उधर लिखवा दीजिए. बाद में देख लेंगे."

"औषधं चालू आहेत तिची," मी हिंदीत म्हणालो.

"उधर दवा नहीं चलती, गुरुजी. आप तो ज्ञानी हैं, समझते हैं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "और सच कहें, इस उमर में कितने दिन?"

फॉर्मवर एक रकाना होता : 'प्रवेशार्थीची स्वतःची इच्छा'. त्यात मी माझ्या हातानं लिहिलं, काशीवास. खाली सही केली. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज तपासले होते. रकाना चुकीचा भरला म्हणून लोकांच्या बदल्या आणि रजा अडवून ठेवल्या होत्या. मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मला कळलं होतं. सही करून मी बाहेर आलो, टपरीवर चहा घेतला, आणि घरी जाऊन दुपारभर झोपलो.

पहिल्या आठवड्यात मी दोनदा गेलो. अक्का बरी होती, चिडलेली होती.

"ती रामधून बंद करायला सांग रे. रामालासुद्धा कंटाळा आला असेल."

"अक्का, थोडे दिवस. तिकडे जागा झाली की हलवू."

"तिकडे म्हणजे कुठे? आणि माझ्या बीपीच्या गोळ्या कुठायत?"

मी म्हणालो, विचारतो. विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात गेलोच नाही.

तिसऱ्या आठवड्यात गेलो तर अक्का तापानं फणफणली होती. ओठ फुटलेले, जीभ कोरडी, डोळे अर्धे उघडे. उशाशी तांब्याच्या गडूत गंगाजल. तिथली दाई चमच्यानं तिच्या तोंडात पाणी सोडत होती. मी विचारलं, डॉक्टर कधी आले होते? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काशीवास वालन के दवाई ना चलेला, बाबू. रउरे त लिखले बानी."

तुम्हीच लिहिलंय. बरोबर होतं तिचं.

मी व्यवस्थापकाच्या खोलीत गेलो. तो म्हणाला की रकाना बदलायचा तर समितीची बैठक लागते, ती मंगळवारी. तो दिवस गुरुवार होता. मी म्हणालो, मंगळवारपर्यंत ती राहणार नाही. त्यावर त्यानं हात जोडले आणि वर बघितलं. त्या जोडलेल्या हातांकडे बघताना माझ्या डोक्यात जे आलं ते मी इथे लिहीत नाही. मी अक्काच्या खाटेवर जाऊन बसलो आणि तिथूनच ओरडलो, की डॉक्टर येईपर्यंत मी पोलिसांना दर पाच मिनिटांनी फोन करणार आहे. पहिला फोन लावलासुद्धा. सत्तर ओलांडलेला माणूस किंचाळायला लागला की लोक घाबरतात, हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळच्या आत डॉक्टर आला. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी झालेलं. सलाइन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली.

चौथ्या दिवशी अक्का बोलली.

"चहा. आलं घालून."

शेजारच्या खाटेवर बलिया जिल्ह्याकडचे एक म्हातारे होते. मुलानं आणून ठेवलेले. ते अक्काच्या सलाइनच्या बाटलीकडे बघत असायचे. एकदा त्यांनी मला खूण करून विचारलं, हे मला नाही का लावणार? मी जाऊन व्यवस्थापकाला सांगितलं. तो म्हणाला, "गुरुजी, उनके परिवार की इच्छा है. आपकी अलग, उनकी अलग." दोन दिवसांनी सकाळी ते गेले. त्यांच्या खाटेवर दुपारी दुसरं माणूस होतं.

तेव्हा ठरवलं की या माणसाला बुडवायचं. लोक नंतर म्हणाले की मी समाजकार्य केलं. अजिबात नाही. मला तो माणूस खुर्चीवरून उठलेला बघायचा होता.

अक्काची शुश्रूषा करायच्या निमित्तानं मी रोज सकाळी दहाला जाऊ लागलो आणि पाचपर्यंत बसू लागलो. दारात टेबलावर डॉक्टरांच्या भेटीचं रजिस्टर असायचं. दर गुरुवारची सही, वर्षभराची. मी आयुष्यभर हजेरीपुस्तकं तपासली आहेत. वेगवेगळ्या दिवशी केलेल्या सह्या एकसारख्या पडत नाहीत. कधी घाई असते, कधी पेन अडतं. इथे पानभर सह्या एकाच पेनाच्या, एकाच झोकात उतरलेल्या होत्या. मधल्या एका गुरुवारची ओळ रिकामी सुटली होती आणि पुढच्या गुरुवारची सही त्या ओळीच्या अर्ध्यावर चढली होती. एका बैठकीत केलेल्या सह्या. मी मोबाइलनं पान न् पान टिपलं. सेवा कक्षालाही डॉक्टर येत नव्हता, हे त्यातून निघालं. मग नातेवाईक भेटायला आले की मी त्यांच्याशी बोलू लागलो. तुम्ही कुठल्या रकान्यात काय लिहिलंत ते आठवतंय का, एवढंच विचारायचो. काही जण तिथल्या तिथे रडले. एकानं मला ढकललं.

सगळे कागद लावून मी समाजकल्याण कार्यालयात तक्रार दिली. त्यात एक वाक्य असं होतं : 'काशीवास कक्षात उपचार मिळत नाहीत याची अर्जदारास कोणीही कल्पना दिली नाही.'

पंधरा दिवसांनी व्यवस्थापकानं मला बोलावलं. समोर माझा फॉर्म ठेवला, मागची बाजू वर करून. मागे छापलेलं होतं, 'येथे वैद्यकीय उपचार दिले जात नाहीत, हे मी वाचले आहे', आणि खाली माझी दुसरी सही. मला ती आठवत होती.

"गुरुजी, आपने झूठ लिखा है," तो म्हणाला. चहा मागवला माझ्यासाठी. "एक झूठ निकला तो पूरी शिकायत झूठी. सोच लीजिए. माताजी भी तो हमारे ही यहाँ हैं."

मी चहा न घेता उठलो आणि अक्काजवळ जाऊन बसलो. ती तेव्हा उशीला टेकून बसू लागली होती. तिनं चेहरा बघून विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं की तक्रार फसणार.

"का?"

"एक वाक्य चुकीचं आहे त्यात."

"कुठलं?"

मी वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. शाळेत फळ्यावर गणित चुकलं की ती मुलीला तशीच परत वाचायला लावत असे.

"तुला कल्पना होती?"

"हो."

"मी मरेन, याची?"

स्पीकरमधली रामधून चालू होती. मी म्हणालो, "हो. तसं वाटलं होतं. बरं होईल असंही एकदा वाटलं होतं."

ती खिडकीकडे तोंड करून बसली. दाई येऊन तिला दलिया भरवून गेली तरी ती माझ्याकडे वळली नाही. मी उठणार तेवढ्यात म्हणाली, "मग तसं लिही. तू खोटं लिहिलंस तर तो सुटेल. त्याला सोडायचं नाही."

"माझीही चौकशी होईल, अक्का."

"होऊ दे. तुलाही का सोडायचं?"

त्याच दुपारी मी नवीन जबाब लिहिला. मला माहीत होतं, मी वाचलं होतं, मी सही केली, आणि व्यवस्थापकानं मला 'इस उमर में कितने दिन' असं म्हणून ती करायला लावली. माझी लाज वाचवून त्याला बुडवायची सोय उरली नव्हती. लिहिताना वाईट वाटत होतं असं म्हणणार नाही. चेव चढला होता.

चौकशी आश्रमातच झाली. अधिकारी एक तिशीची बाई होती. अक्काला चाकाच्या खुर्चीवर आणलं. व्यवस्थापक हात जोडून उभा.

"अम्मा, आपने कहा था कि आपको दवा नहीं चाहिए?"

"हमसे पूछा किसने?" अक्का म्हणाली.

"मतलब, काशीवास की इच्छा..."

"बेटा, काशीवास तो हम चौरासी साल से कर रहे हैं. चाय पी के."

अधिकारी बाईला हसू आवरलं नाही. मग ती माझ्याकडे वळली. "और आपको मालूम था?" मी म्हणालो, मालूम था. व्यवस्थापकाचा चेहरा मी तेव्हा मुद्दाम बघितला. तो माझ्या नकाराची वाट बघत होता, त्याच्या हातात माझा फॉर्म तयार होता. तो पुढे करायची वेळच त्याच्यावर आली नाही. मग मी सह्यांची पानं टेबलावर ठेवली आणि अर्ध्यावर चढलेल्या सहीवर बोट ठेवलं.

त्याला काढलं. काशीवास कक्षाला कुलूप लागलं, तिथल्या सगळ्यांना दुसऱ्या बाजूला हलवलं, आणि डॉक्टर खरोखरच गुरुवारी यायला लागला. मला एक लेखी ताकीद मिळाली, तीही मी सगळ्या नातेवाइकांना मोबाइलवर पाठवली. कुणीही उत्तर दिलं नाही. तो व्यवस्थापक आता शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत यात्रेकरूंना खोल्या देतो. मी कधी कधी तिथे जातो. समोरच्या ओट्यावर बसतो आणि तो बाहेर आला की त्याच्याकडे बघतो. तो आत जातो, दार लावतो. मी आणखी थोडा वेळ बसतो. बायको म्हणते, पुरे करा आता. मला अजून पुरेसं वाटत नाही.

मध्यंतरी मी घराच्या खालची खोली रिकामी केली. तिथे भाडेकरूचं सामान होतं, ते हलवलं. खाट आणली, न्हाणीत धरायला दांडे बसवले, दिवसभर राहणारी बाई ठरवली. जिन्याचा प्रश्न संपला होता. हे सगळं अक्काला आश्रमात ठेवण्याआधीही करता आलं असतं, हे माझ्या आधी बायकोनं बोलून दाखवलं. मग गाडी घेऊन अक्काला आणायला गेलो.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. दांडे कुठल्या बाजूला लावलेस, बाई कुठली, खिडकी गल्लीकडे की चौकाकडे, सगळं विचारलं.

"चांगली केलीस खोली," ती म्हणाली. "आता सांग. पुन्हा मला ताप चढला, आणि त्या दिवशी तू दमलेला असलास तर?"

मी म्हणालो, "अक्का, असं काय बोलतेस?"

"विचारलंय ते सांग."

तिला तेव्हा काहीही सांगता आलं असतं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग मी इथेच बरी. इथे दर गुरुवारी कुणीतरी नाडी बघतं, आणि तो माणूस माझा कुणी लागत नाही." तिनं पांघरूण नीट करून घेतलं. "ड्रायव्हरला जाऊ दे, त्याला ताटकळत ठेवू नकोस. तू बस हवं तर. पाचपर्यंत बसायची परवानगी असते."